सुरतचा व्यापारी रागावला, तरी पक्ष का सोडला नाही?

प्रश्न : जीएसटीविरुद्ध सुरतचे कापड व्यापारी रस्त्यावर उतरले होते. तरी त्याच वर्षी तिथे भाजपच जिंकला. पैशाच्या बाबतीत काटेकोर असलेला मतदार स्वतःच्याच पक्षावर नाराज झाला, तर विरोधकांना तो आपल्याकडे वळवता येतो की नाही?
– एक वाचक, धुळे

उत्तर : वळवता येतो. मात्र त्याचा राग नेमका कशावर आहे, हे आधी नीट समजून घ्यावे लागते. सुरतेत २०१७ साली तिथेच घोडे अडले.

रिंग रोडवरच्या बाजारातली एक साधी साडी घ्या. विणकराकडून ग्रे कापड येते, मिलमध्ये रंगाई-छपाई होते. मग लेस, टिकल्या, भरतकाम यांसाठी माल घरोघरच्या बायकांकडे जातो आणि पुन्हा दुकानात घडी होऊन पार्सल निघते. हे सारे वर्षानुवर्षे चिठ्ठीवर आणि शब्दावर चालले होते. १ जुलै २०१७ पासून प्रत्येक टप्प्याला बिल आले, विवरणपत्र आले. कापडावर ५ टक्के कर, पण कृत्रिम धाग्यावर १८ टक्के. धाग्यावर जास्त भरलेल्या कराचा परतावाही कापडाला तेव्हा मिळत नव्हता. सगळ्यात जिव्हारी लागली ती उधारी. माल गेल्यावर पैसे यायला दोन-तीन महिने लागतात, कर मात्र पुढच्याच महिन्यात भरायचा. हातात न आलेल्या पैशावरचा कर व्यापाऱ्याने पदरचा भरायचा, असा त्याचा अर्थ होता.

त्या जुलैत बाजार कित्येक दिवस बंद राहिला. व्यापाऱ्यांवर पोलिसांच्या लाठ्याही पडल्या. ‘कमल का फूल, हमारी भूल’ असे काहींनी आपल्या बिलांवर छापून घेतले. राहुल गांधींनी जीएसटीला ‘गब्बर सिंग टॅक्स’ म्हटले आणि नोटाबंदीच्या वर्षपूर्तीला, ८ नोव्हेंबरला, ते सुरतेत आले. डिसेंबरच्या सुरुवातीला मनमोहन सिंगही येऊन बोलून गेले. विधानसभेचा निकाल काय लागला? राज्यात भाजप ९९ जागांपर्यंत घसरला, पण सुरत जिल्ह्यातल्या १६ पैकी १५ जागा त्याच्याकडेच राहिल्या. एक मांडवीची तेवढी काँग्रेसला मिळाली, आणि ती आदिवासी राखीव जागा आहे, कापड बाजाराची नव्हे.

माझ्या मते त्याचे पहिले कारण असे, की व्यापारी आपल्या माणसांशी घासाघीस करत होता, त्यांच्याशी नाते तोडत नव्हता. ६ ऑक्टोबरला, निवडणूक तोंडावर असताना, जीएसटी परिषदेने कृत्रिम धाग्यावरचा दर १८ वरून १२ टक्क्यांवर आणला आणि दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला तिमाही विवरणपत्राची सवलत दिली. दबाव टाकला की सरकार ऐकते, हे व्यापाऱ्याने पाहिले. मग ज्याच्याकडे आपली ओळख आहे, आपला आमदार-खासदार आहे, तो पक्ष कशाला सोडायचा?

दुसऱ्या कारणाचा दोष विरोधकांकडे जातो. काँग्रेसची मोठी मागणी होती, की कर १८ टक्क्यांच्या वर नको. ज्याच्या मालावर ५ टक्केच आहे, त्याच्या त्या मागणीने काय हलणार? उधारीवरचा कर, अडकलेला परतावा यांबद्दल सभांमधून नेमके आश्वासन मिळाले नाही. उलट काँग्रेसच्या जाहीरनाम्यात शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचे वचन होते. ते योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण सरकारने हात आखडून खर्च करावा असे मानणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, पैसे कुठून आणणार?

आपल्याकडचे उलटे उदाहरण आठवा. २०१३ मध्ये एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कराविरुद्ध महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. तेव्हाच्या विरोधकांनी संतापात सूर मिसळला, पण तेवढ्यावर न थांबता ‘सत्ता द्या, एलबीटी काढतो’ असे एका करावर बोट ठेवून सांगितले. सत्तेत आल्यावर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंतच्या उलाढालीवरचा एलबीटी त्यांनी उठवलाही. यातले बरेच व्यापारी आधीपासूनच त्यांच्याकडे झुकलेले होते हे खरे. तरी कुंपणावरच्या माणसाला असे मोजता येणारे वचन लागते.

सुरतेचा स्वतःचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. मोरारजी देसाई १९५७ पासून सुरतेचे खासदार. मराठी माणसाच्या मनात त्यांच्याविषयी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची सल आहे, पण सरकारी पैशाबाबत त्यांच्याइतका कठोर अर्थमंत्री विरळाच. १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांच्याकडून अर्थखाते काढून घेतले, त्यांनी राजीनामा दिला, बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, काँग्रेस फुटली. १९७१ च्या इंदिरा लाटेतही सुरतेने इंदिराविरोधी गटाच्या, म्हणजे संघटना काँग्रेसच्या, मोरारजींनाच निवडून दिले. असा मतदार पक्ष सोडतो, पण ओळखीच्या आणि पारखलेल्या माणसाचा हात धरून. निवडणुकीच्या महिन्यात आलेल्या पाहुण्यासोबत तो जात नाही.

२०२१ च्या महापालिका निवडणुकीत हे पुन्हा दिसले. १२० पैकी ९३ जागा भाजपच्या, २७ आम आदमी पक्षाच्या आणि काँग्रेसचा भोपळा. वराछा-कतारगामच्या बाजूला पाटीदार तरुण घरोघरी फिरत होते, आम आदमी पक्षाच्या जागा हे त्याचे फळ. पुढे १ जानेवारी २०२२ पासून कापडावर १२ टक्के कर लावायचे ठरले होते. सुरतेने ओरड केली आणि आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबरला, परिषदेने निर्णय लांबणीवर टाकला. पुढच्या डिसेंबरात विधानसभेच्या १६ च्या १६ जागा भाजपला! घासाघीस पुन्हा फळली होती.

म्हणून माझे उत्तर असे : नाराज मतदार जिंकायचा तर त्याच्या रागाला टाळ्या वाजवून भागत नाही, त्याची वही उघडून बसावे लागते, आणि तेही निवडणूक नसताना. तुमच्या धुळ्यातही यंत्रमाग आहेत. पुढच्या वेळी उमेदवार दारात येईल, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, त्याला दोनच गोष्टी विचारा : अडकलेला परतावा किती दिवसांत मिळवून देणार, आणि उधारीचे पैसे हाती येईपर्यंत कर थांबवण्यासाठी काय करणार? उत्तर आकड्यात आणि तारखेत मागा.