सागरवाटेचा माग

प्रस्तावना

मृगाचा पाऊस कोसळू लागला की कोकणातील ओढ्यानाल्यांतून चढणीचे मासे वर येतात आणि बिळांत दडलेले खेकडे शेताच्या बांधांवर फिरू लागतात. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी पाणथळ जागी उतरतात. ऋतुमानानुसार प्राण्यांनी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे व पुन्हा परतणे, यालाच स्थलांतर म्हणतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्राण्याच्या मागे माणूस काही अंतर चालू शकतो; पण जो प्राणी समुद्रात बुडी मारून दिसेनासा होतो, त्याचा माग कसा काढावा? कोकणच्या किनाऱ्यावर येणाऱ्या सागरी कासवांच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• ऑलिव्ह रिडले कासवाच्या जीवनक्रमाची माहिती सांगता येईल;
• उपग्रहाच्या साहाय्याने प्राण्याचा माग कसा काढतात, हे स्पष्ट करता येईल;
• प्राण्यांचा मार्ग कळणे आणि त्यांचे रक्षण होणे यांतील संबंध ओळखता येईल.

मूळ पाठ

१. किनाऱ्यावरची पाहुणी

ऑलिव्ह रिडले हे सागरी कासव जवळजवळ सारे आयुष्य पाण्यात घालवते. मादी मात्र अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर येते. कोकणात साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च हा तिचा विणीचा हंगाम असतो. रात्रीच्या वेळी ती वाळूत हातभर खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. अंड्यांकडे ती पुन्हा फिरकत नाही. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी वाळूच्या उबेने अंडी फुटतात आणि इवलीशी पिल्ले आपापली लाटांकडे धाव घेतात.

पूर्वी यांतली बरीच अंडी कोल्ही-कुत्री उकरून खात, माणसेही नेत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ग्रामस्थांच्या मदतीने या अंड्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. किनाऱ्यावर फिरून वाळूतील उमटींवरून घरटे शोधायचे, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या सुरक्षित जागी पुरायची आणि पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडायची, अशी ही पद्धत. पुढे पिल्लांना निरोप देण्याच्या या सोहळ्याला ‘कासव महोत्सवा’चे रूप आले. तो पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले आणि गावातील घरांना त्यांच्या राहण्या-जेवणाचे उत्पन्न मिळू लागले.

अशा रीतीने किनाऱ्यावरचे रक्षण सुरू झाले. परंतु अंडी घालून गेलेली मादी पुढे कोठे जाते, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

२. पाठीवरचे यंत्र

२५ जानेवारी २०२२ रोजी वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारे यंत्र बसवण्यात आले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असे यंत्र लावलेली ही पहिलीच ऑलिव्ह रिडले; म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. पाठोपाठ आंजर्ले येथे ‘सावनी’ला आणि फेब्रुवारीत गुहागर येथे ‘वनश्री’, ‘रेवा’ व ‘लक्ष्मी’ यांना यंत्रे लावली गेली. महाराष्ट्र वन विभागाचा कांदळवन कक्ष, कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून हे काम केले.

मादीची अंडी घालून झाली की तिची पाठ स्वच्छ करून विशिष्ट गोंदाने यंत्र कवचावर चिकटवतात. यंत्रातून निघणाऱ्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून पार जात नाहीत. परंतु कासवाला श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर यावेच लागते. त्या थोड्या वेळात यंत्राची तार हवेत येते आणि वरून जाणाऱ्या उपग्रहाकडे संदेश पोहोचतो. आगगाडी जवळ येताना तिची शिट्टी उंच स्वरात आणि दूर जाताना खालच्या स्वरात ऐकू येते, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. त्याचप्रमाणे उपग्रह जवळ येताना व दूर जाताना संदेशाच्या लहरींतही फरक पडतो. त्या फरकावरून कासवाचे स्थान गणिताने काढता येते. एकेक स्थान नकाशावर मांडत गेले की कासवाची वाट दिसू लागते.

हेच यंत्र प्रत्येक प्राण्याला चालत नाही. समुद्रतळाशी चालणारा खेकडा श्वासासाठी वर येत नाही. त्यामुळे त्याचा संदेश उपग्रहाला मिळत नाही. शिवाय वाढताना खेकडा जुने कवच टाकतो आणि कवचाबरोबर त्यावरचे यंत्रही गळून पडते. म्हणून समुद्री खेकड्यांसाठी ध्वनी सोडणारी यंत्रे वापरतात आणि तो ध्वनी टिपणारी उपकरणे पाण्यात ठेवतात. प्राण्याची राहणी पाहूनच त्याचा माग काढण्याचे साधन निवडावे लागते.

३. वाटेने सांगितलेले

प्रथमा उत्तरेकडे गुजरातच्या समुद्रात गेली. एकाच किनाऱ्यावर वीण करणाऱ्या कासवांची वाट मात्र एकच नसते. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागर येथे ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ या दोन माद्यांना यंत्रे लावली. त्यांपैकी बागेश्री दक्षिणेकडे निघाली आणि श्रीलंकेला वळसा घालून त्याच वर्षीच्या जुलैत बंगालच्या उपसागरात पोहोचली.

२०२५ च्या जानेवारीत याच्या उलट दिशेचा पुरावा मिळाला. गुहागरला अंडी घालणाऱ्या एका मादीच्या पायावर धातूची पट्टी आढळली. तिच्यावर ०३२३३ हा क्रमांक होता. ही पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने लावली होती. त्या पट्टीत ना विजेरी होती, ना उपग्रहाशी संपर्क. किनाऱ्यावर तो क्रमांक पाहून त्याची नोंद झाली, म्हणूनच सुमारे ३,५०० किलोमीटरचा हा प्रवास उजेडात आला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे वेगवेगळी, हा समज त्यामुळे पुन्हा तपासावा लागला.

४. संदेश थांबतो तेव्हा

पाठीवरचे यंत्र कायम टिकत नाही. विजेरी संपते, तारेवर शेवाळ व शिंपले चढतात किंवा यंत्रच सुटून पडते. अशा वेळी संदेश थांबला तरी कासव सुखरूप असू शकते. परंतु दुसरी शक्यताही असते. मोठ्या ओढजाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही आणि ते गुदमरून मरते. यंत्र बंद पडले की कासव गेले, हे नुसत्या मौनावरून सांगता येत नाही.

म्हणूनच कासवांच्या वाटेवर मासेमारी करणाऱ्यांचे सहकार्य मोलाचे ठरते. जाळ्यात कासव बाहेर पडण्यासाठी झडप ठेवता येते. अडकलेला संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ मध्ये सुरू झाली. जाळे हे मच्छीमाराचे भांडवल असते. ते कापण्याचा भार त्याच्या एकट्यावर पडू नये, हा या योजनेमागील विचार आहे.

वेळासला अंड्यांभोवती घातलेले कुंपण पिल्लांना लाटांपर्यंत पोहोचवते. त्यापुढची वाट मात्र अनेक राज्यांच्या आणि देशांच्या पाण्यातून जाते. ती नकाशावर उमटली, म्हणून तिच्यावरील प्रत्येकाची जबाबदारीही दिसू लागली.

शब्दार्थ

विणीचा हंगाम – अंडी घालण्याचा काळ
कवच – पाठीवरचे कठीण आवरण
कांदळवन – खाडीकिनारी खाऱ्या पाण्यात वाढणारे जंगल
उमटी – पावलांच्या खुणा

पाठगत प्रश्न

१. मादी कासव किनाऱ्यावर कशासाठी येते?
२. ‘प्रथमा’ हे नाव का ठेवले गेले?
३. समुद्रतळाशी राहणाऱ्या खेकड्याला उपग्रह-यंत्र का उपयोगी पडत नाही?

स्वाध्याय

१. आगगाडीच्या शिट्टीचे उदाहरण पाठात कोणत्या हेतूने दिले आहे, ते स्पष्ट करा.
२. ०३२३३ या क्रमांकाच्या कासवामुळे कोणती नवी माहिती मिळाली?
३. ‘संदेश थांबला म्हणजे प्राणी मेला, असे म्हणता येत नाही.’ सकारण लिहा.
४. तुमच्या परिसरात ठरावीक ऋतूत दिसणाऱ्या एखाद्या प्राण्याचे किंवा पक्ष्याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.