अळीव : बीपासून बीपर्यंत

वाण्याकडे अळीव मागितले, तर तो तांबूस रंगाचे बारीक दाणे पुडीत बांधून देतो. यालाच कोणी हळीव म्हणतात. उर्दूत त्याला हालिम म्हणतात आणि युनानी हकीम हब्बुर्रशाद म्हणतात. मात्र गहू, डाळी आणि गोश्त घोटून केलेला हलीम वेगळा, हे लक्षात ठेवा. मराठीतही अळू आणि अळीव यांत गल्लत करू नका. अळू ही मोठ्या पानांची भाजी आहे.

बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. दाणे सर्वांच्या ओळखीचे. पण अळिवाचे रोप तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? चला, आपण ते लावू या.

उरणजवळ 1989 मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. पुढे वस्ती वाढली, इमारती उभ्या राहिल्या आणि अंगणे कमी झाली. तरी काळजी नको. खिडकीत मावेल अशी वीतभर खोल कुंडी पुरे. तिच्या तळाला भोके असावीत. खाडीकाठची किंवा मिठागराजवळची माती मात्र घेऊ नका. ती खारट असते आणि खारट मातीत कोवळी रोपे नीट वाढत नाहीत. बागेतली माती आणि कुजलेले शेणखत मिसळून कुंडी भरा.

पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी पेरा. बी आधी भिजवू नका. पाणी लागताच प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत थर तयार होतो आणि दाणे एकमेकांना चिकटतात. म्हणून चिमूटभर बी कोरड्या वाळूत मिसळून पसरा. वर मातीचा पातळ थर द्या आणि हलक्या हाताने पाणी शिंपडा. तीन-चार दिवसांत अंकुर दिसतील. त्यांची पहिली पाने नीट पाहा. प्रत्येक पानाचे तीन भाग झालेले दिसतील. ही अळिवाची खास खूण आहे.

बरेच लोक बोटभर उंचीची रोपे कापून खातात आणि तिथेच थांबतात. आपण पुढे जाऊ. दाटीत वाढलेली रोपे उजेडासाठी आणि पाण्यासाठी एकमेकांशी झगडतात व सगळीच दुबळी राहतात. म्हणून विरळणी करा. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवून बाकीची उपटा. उपटलेली रोपे फेकू नका. धुऊन कोशिंबिरीत घाला. साधारण महिन्याभराने बाहेरची पाने खुडता येतात. मधला शेंडा राखलात, तर नवी पाने येत राहतात. पानांची चव मोहरीसारखी तिखट असते, कारण अळीव, मोहरी, मुळा आणि कोबी हे एकाच कुळातले आहेत. या कुळावर मावा पडतो. दिसला तर पाण्याने धुऊन काढा.

पुढे रोप हातभर उंच होते आणि त्याला बारीक पांढरी फुले येतात. फुलाला चार पाकळ्या असतात. मग चपट्या, गोलसर शेंगा धरतात. शेंगेत दोन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक दाणा असतो. शेंगा पिवळ्या पडल्या की रोपे उपटून वाळवा, झोडपा आणि सुपाने पाखडा. थोडे बी पुढच्या वर्षासाठी कोरड्या बाटलीत ठेवा.

लाडवांसाठी पाव वाटी अळीव एक वाटी नारळपाण्यात दोन तास भिजवा. त्यात दोन वाट्या ओले खोबरे आणि दीड वाटी गूळ घालून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत परता. वेलचीपूड घाला आणि कोमट असताना लाडू वळा.

हा खटाटोप कशासाठी? अळिवात लोह असते. लोह कमी पडले की अंगातले रक्त कमी होते; थकवा येतो, धाप लागते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील 15 ते 49 वयाच्या दर 100 स्त्रियांमागे 57 जणींना रक्तक्षय आढळला. आपल्या घरातल्या आई-बहिणीही त्यांत असू शकतात. पानांवर लिंबू पिळा; लिंबामुळे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी अंगी लागते. पण अळीव हे अन्न आहे, डॉक्टरांच्या गोळ्यांना पर्याय नाही. गरोदर स्त्रीने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अळीव खाऊ नये.

शब्दार्थ
बाळंतीण – ज़च्चा. बुळबुळीत – लेसदार. विरळणी – छँटाई. पाकळी – पंखुड़ी. शेंग – फली. लोह – फ़ौलाद. रक्तक्षय – ख़ून की कमी

स्वाध्याय
1. अळिवाचे बी पेरण्यापूर्वी का भिजवू नये?
2. विरळणी केली नाही तर काय होईल?
3. फरक सांगा : अळू आणि अळीव.
4. कुंडीत अळीव पेरा. अंकुर, पहिले फूल आणि पहिली शेंग कोणत्या तारखेला दिसली, ते मराठीत लिहा.