खोलीआधी तिथी बघा

आई-बाबांच्या लग्नाला २२ जुलै २०२४ ला पन्नास वर्षं होत होती. हॉल, केटरर, दोनशे माणसं यातलं काही नको, असं आईनेच सांगितलं. मग दादाने मढ-मार्वेच्या पट्ट्यातलं एक पंचतारांकित रिसॉर्ट शोधून काढलं. पावसाळी पॅकेज होतं. दोन रात्री, नाश्ता-जेवण धरून, आणि दर डिसेंबरच्या जवळपास निम्मा. ‘सी व्ह्यू’ खोल्या, ‘प्रायव्हेट बीच’. आम्ही मुलुंडचे, आमच्या गॅलरीतून दिसतो तो डोंगर. समुद्राकडे तोंड करून दोन दिवस काढायचे म्हटल्यावर आई हरखून गेली. दर निम्मा का, हे आम्ही कोणीच विचारलं नाही.

रविवारी, २१ तारखेला निघालो. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. मालाडहून मार्वे रोड धरला, मालवणी मागे टाकली आणि पावसाने धुतलेली हिरवळ सुरू झाली. कोळीवाड्याच्या कडेला होड्या वर ओढून ठेवलेल्या, निळ्या ताडपत्र्यांनी शाकारलेल्या. मुलांनी गाडीतूनच त्यांचे फोटो काढले. ते फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहेत आणि प्रत्येक वेळी बघताना मनात येतं की सगळं उत्तर तिथेच समोर होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोळी होडी पाण्यात घालत नाही. या पाण्यावर पिढ्या काढलेली माणसं ज्या दिवसांत पाण्यापासून लांब राहतात, नेमके तेच दिवस आम्ही सुट्टीसाठी निवडले होते.

चेक-इन दोनचं. काउंटरवर सह्यांसाठी कागद पुढे आला. बारीक टायपातल्या बऱ्याच ओळींत एक ओळ होती, की किनाऱ्यावर जाणं पाहुण्याच्या स्वतःच्या जबाबदारीवर. एका हातात कोकम सरबताचा पेला धरून दादाने दुसऱ्या हाताने सही केली. मीही केली. आज कोणत्याही हॉटेलात मी तो कागद बसून वाचते, मागे रांग असली तरी.

साडेचारच्या सुमारास पाऊस उघडला. चहा झाला होता आणि मुलांना धीर नव्हता. रिसॉर्टच्या मागच्या छोट्या फाटकातून आम्ही वाळूत उतरलो. पाणी बरंच मागे गेलेलं, समोर ओली, सपाट, आरशासारखी वाळू. इतका शांत किनारा मी मुंबईत पाहिला नव्हता. बाबा मूळचे कराडचे, कृष्णा-कोयनेच्या पाण्यात पोहत वाढलेले. "अगं, गुडघाभर तर पाणी आहे," म्हणत माझ्या अकरा वर्षांच्या मुलाचा हात धरून ते पुढे गेले. मी सात-आठ पावलं मागे होते.

लाट परत फिरते तेव्हा टाचेखालची वाळू आधी जाते. आधी गुदगुल्या होतात. मग टाच खाली बसते, मग घोटा, आणि पाय उचलायला जावं तर खालून कोणी धरून ठेवल्यासारखा तो येत नाही. मुलगा हसत होता, "आई, मी बुटका होतोय बघ!" पुढच्या लाटेला त्याचा पाय एका खळग्यात गेला आणि गुडघाभर पाण्यात उभा असलेला माझा मुलगा छातीपर्यंत खाली गेला. त्यामागची लाट त्याच्या डोक्यावरून गेली. बाबांनी त्याचा दंड सोडला नाही. पण त्यांचाही पाय रुतलेला होता, शरीर वळलं आणि गुडघा वळला नाही. मी ओरडत होते आणि पाणी आम्हा तिघांनाही आत खेचत होतं.

खडकांवर कालवं काढत बसलेल्या एक कोळीणबाई धावत आल्या. "सुकती लागलीय! सरळ नको येऊ, आडवी चाल, आडवी!" मला ते कळेपर्यंत दादा पोहोचला होता. त्याने मुलाला उचललं आणि बाबांना खांद्याने रेटत आम्ही किनाऱ्याला समांतर चालत राहिलो. पंधरा-वीस पावलांत ओढ कमी झाली. त्या बाईंनी आमच्याकडे बघितलं आणि रागावून म्हणाल्या, "पुनवेच्या सुकतीला कोण पोरांना घालतं पाण्यात?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधलं, तेच इथे सांगायचं आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. मुंबईत तेव्हा भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते आणि पावसाळ्यात ती साडेचार मीटरच्या वरही चढते. तिथून पुढच्या सहा तासांत ते सगळं पाणी उतरायचं असतं, हीच सुकती, म्हणजे ओहोटी. उतरण्याचा वेग मधल्या दोन-तीन तासांत सर्वांत जास्त, म्हणजे तीन ते पाच. आता हॉटेलचं वेळापत्रक शेजारी मांडा. दोनला खोली, चारला चहा, साडेचारला बीच. पौर्णिमेला पोहोचलेलं कुटुंब पाण्यात पाय घालतं ते नेमकं सर्वांत जोराच्या ओहोटीत. आणि ओहोटीचा समुद्र दिसायला गरीब दिसतो, कारण पाणी मागे गेलेलं असतं. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी वाळूतल्या खोलगट वाटांनी परत जातं आणि त्या वाटेवर जो उभा असेल त्याला घेऊन जातं. याच पट्ट्यातल्या अक्साच्या किनाऱ्याचं नाव अशा रुतणाऱ्या वाळूसाठी आणि ओढीसाठी वर्षानुवर्षं बातम्यांत येत आलं आहे. नदीत किंवा विहिरीत पोहणाऱ्याला ही ओढ ठाऊक नसते. बाबांचा आत्मविश्वास खरा होता, पण तो गोड्या पाण्याचा होता.

म्हणून खोलीचे फोटो बघण्याआधी तिथी बघा. कोकणातले जुने लोक भरतीचा हिशेब तिथीवर करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पहाटे आणि संध्याकाळी दोन्हीकडे. ती वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर भांगाचे दिवस धरा आणि तेही पावसाळा सोडून. नेमक्या वेळा वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर मिळतात, त्या बघूनच फाटकाबाहेर पाऊल टाका. ओहोटी लागल्यावर पाण्यात जाऊच नका. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, त्यात दम जातो. तरंगत राहा, हात वर करा, जमेल तसं आडवं सरका. पाय रुतला तर झटका देऊ नका. वजन मागे टाका आणि पाय हळूहळू हलवत सोडवा.

‘प्रायव्हेट बीच’ या शब्दांनी आम्हाला गाफील केलं. भरती-ओहोटीच्या रेषांमधली वाळू सरकारची असते, हॉटेलच्या मालकीची नसते. हॉटेलची हद्द फाटकाशी संपते आणि बहुतेकदा त्याची जबाबदारीही. पोहण्याच्या तलावाशी जीवरक्षक होता, पाटीवर खोली लिहिलेली होती. किनाऱ्याच्या त्या तुकड्यावर यातलं काही नव्हतं. त्यामुळे बुकिंगच्या वेळीच फोनवर विचारा, की फाटकाबाहेर जीवरक्षक आहे का, कोणत्या वेळेत असतो, आणि लाल बावटा लागला तर पाहुण्यांना सांगणार कोण. ‘सेफ आहे मॅडम’ एवढ्यावर समाधान मानू नका. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय चक्रीवादळ दूर अरबी समुद्रात असताना जुहूला चार मुलं बुडाली. वादळ इथे आलंही नव्हतं.

दुसरा प्रश्न डॉक्टरांचा. ‘डॉक्टर ऑन कॉल’ म्हणजे बोलावल्यावर निघणारा डॉक्टर. काउंटरवर बर्फाची पिशवी आणि क्रेप बँडेज मिळालं, तेही मागितल्यावर. मालाडपर्यंत जायला तो एकच रस्ता, पाऊस परत सुरू झालेला आणि रविवारचे बाहेर पडणारे लोक. बाबा मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते, तोंडातून आवाज नाही. आई त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून होती. एक्स-रे होईपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. हाड शाबूत होतं, अस्थिबंध ताणला होता. ज्येष्ठ माणसं नेणार असाल तर रुग्णालय किती किलोमीटरवर आहे हे विचारू नका. पावसातल्या रविवारी तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, ते विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच फाटकापर्यंत गेले. वाळूवर निळे, बोटभर फुगे पडले होते, काचेसारखे चमकणारे, मागे दोऱ्यासारखी शेपटी. ब्लू बॉटल. जुलै-ऑगस्टच्या वाऱ्यांनी ते मुंबईच्या किनाऱ्यांवर लागतात आणि मेलेलेही डसतात. आदल्या दिवशी आम्ही सगळे अनवाणी होतो. डसला तर चोळू नका. तंतू हाताने न धरता एखाद्या कार्डाने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा. श्वास लागला तर सरळ रुग्णालय.

बिलाचं थोडक्यात. रात्रीचा दर ७,५०० च्या वर गेला की खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो जाहिरातीतल्या आकड्यात बहुधा नसतो. सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैतच सांगितलं आहे. लावलं तर काढायला सांगा, न काढल्यास १९१५ वर तक्रार करा. त्याच्या पुढचाच क्रमांक, १९१६, महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा. तो मी आता कुठेही जाताना आधी तपासते, की मोबाइलमध्ये आहे ना.

लग्नाचा वाढदिवस खोलीतच झाला. बाबा पलंगावर, पायाखाली दोन उशा, आईने त्यांना केक भरवला. मुलगा त्या रात्री माझ्या कुशीत झोपला, झोपेत दोनदा पाय झाडून जागा झाला.

बाबांचा गुडघा सुधारायला चार महिने लागले. गेल्या हिवाळ्यात दादाच्या मुलीने मैत्रिणींबरोबर गोराईला एक रात्र राहायला जायचं ठरवलं. बाबांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं. "तारीख सांग." तिने सांगितली. "एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, मग सुकती, ती अडीचपर्यंत. तुम्ही पोहोचणार कधी?"

"बाराला, आजोबा."

"मग अडीचपर्यंत जेवा, गप्पा मारा," बाबा म्हणाले आणि कालनिर्णयावर पेन्सिलीने ‘२.३०’ लिहून त्याभोवती गोल केला.