डिझेल फिल्टर घरी बदलणाऱ्या भाच्यासाठी

सेकंडहँड डिझेल गाडी घेतलीस, आता फिल्टर घरीच बदलणार म्हणतोस. बदल की. फक्त आत्याचं एवढं ऐक, मग पान्याला हात लाव.

१. आधी गाडीचं माहितीपुस्तक उघड – बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीतच, पंपाला जोडून असतो. ते घरचं काम नव्हे. तुझा बहुतेक बॉनेटखालीच सापडेल.

२. इंजिन गार असताना, सकाळीच बस – तापलेल्या भागावर डिझेल सांडणं बरं नाही.

३. पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढ – ‘आठवेल’ म्हणणारा दोनदा खोलतो.

४. फिल्टरभोवतीची धूळ ब्रशने झाडून मगच क्लिपा सोड – कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्याही वर जातो आणि इंजेक्टरची भोकं अगदी सूक्ष्म असतात. तिथे कचरा गेला की वाचवलेले पैसे व्याजासकट जातात.

५. इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांना हात लावायचा नाही, आणि इंजिन चालू असताना गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धर – त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. शिरलीच, तर रक्त आलं नाही म्हणून घरी हळद लावत बसू नकोस. तडक मोठं हॉस्पिटल गाठ. बाकी सगळं विसरलास तरी हे विसरू नकोस.

६. प्लास्टिकची क्लिप खटका दाबून काढ, स्क्रू ड्रायव्हरने उचकू नकोस – जुनं प्लास्टिक पापडासारखं मोडतं. क्लिपेशी भांडलं की पाइप रडतो.

७. जुन्या फिल्टरातलं डिझेल काचेच्या बरणीत ओतून थोडा वेळ ठेव – पाणी असेल तर तळाशी बसलेलं दिसेल. बरणी लोणच्याची मागशील, ती मिळणार नाही! पावसाळ्यात टाकी भरलेली ठेव – रिकाम्या जागेतल्या हवेतला ओलावा आतच पाणी होऊन उतरतो.

८. जुनी ओ-रिंग निघाली ना, ते बोट फिरवून बघ. नवीला डिझेल चोळूनच बसव – एकावर एक दोन रिंगा बसल्या की गळती ठरलेली. फिल्टरवर बाण असेल तर त्याचं तोंड इंजिनकडे.

९. नव्या फिल्टरात कॅनमधलं डिझेल ओतू नकोस, हातपंप कडक होईपर्यंत दाबून एअर काढ – ओतलेलं डिझेल न गाळताच पुढे जाऊ शकतं. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून जास्त फिरवू नकोस, मध्ये त्याला दम खाऊ दे.

१०. तुझं बघून शेजारी पेट्रोल गाडी घेऊन येतील. टाकीबाहेर फिल्टर असलेली जुनी गाडी असेल, तर पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची – नाहीतर दाबातलं पेट्रोल थेट तोंडावर उडतं. काम उघड्यावर, तुळशीपुढच्या दिव्यापासून आणि गॅस गीझरपासून लांब – पेट्रोलची वाफ हवेहून जड, जमिनीलगत सरपटत जाते. पेटलं तर पाणी ओतू नका, ते पेट्रोल पसरवतं. वाळूची बादली शेजारी ठेवा.

११. जुनं डिझेल गटारात ओतू नकोस – गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलच्या पिंपात टाकून ये, तो काही रागावणार नाही.

१२. नव्या फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिही, रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथर. सकाळी त्यावर डाग दिसला तर गाडी न काढता मला फोन कर. नऊनंतर मोकळी असते मी.