सेनिओच्या तीरावर

व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक दिसावयास अगदी साधे असते. ते सोन्याचे नाही, रुप्याचेही नाही, केवळ काशाचे. शत्रूसमोर असामान्य धैर्य दाखविणाऱ्यास, मग तो सेनापती असो की साधा शिपाई, ते मिळावे म्हणून इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८५६ साली ते सुरू केले.

हे पदक मिळवून देणारे सर्वांत आधीचे कृत्य एका नाविकाचे होते. १८५४ साली बाल्टिक समुद्रात रशियाशी युद्ध चालू असता 'हेक्ला' या इंग्रजी जहाजावर पेटत्या वातीचा तोफगोळा येऊन पडला. वीस वर्षांच्या चार्ल्स ल्यूकसने तो उचलून समुद्रात भिरकावला. गोळा वाटेतच फुटला. परंतु जहाजावरील सर्वांचे प्राण वाचले.

भारतीय सैनिकांना हे पदक मिळण्याचा अधिकार १९११ साली लाभला. पुढे ज्यांनी ते मिळविले, त्यांत अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील निमज गावचा नामदेव जाधव हा एक होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी भारत पारतंत्र्यात होता. त्या काळी मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढत होत्या. नामदेव तेथे कंपनीचा निरोप्या होता. दिनांक ९ एप्रिल १९४५ च्या सायंकाळी त्याची तुकडी सेनिओ नदीत उतरली. नदी अवघी पंधरा फूट रुंद. पण तिचे बांध तीस-पस्तीस फूट उंच, आणि त्यांत शत्रूचे मोर्चे दडलेले. पूर्वेच्या बांधावर तर सुरुंगही पेरलेले होते. तुकडी पश्चिम तीरावर पोहोचते तोच मागून गोळ्यांचा वर्षाव झाला. कंपनीचा नायक व दोन शिपाई घायाळ झाले. त्यांच्यासमवेत असलेल्यांपैकी नामदेव तेवढा धडधाकट उरला. बाकीचे सारे ठार झाले.

नामदेवाने एका जखमी सोबत्यास उचलले आणि पाण्यातून, सुरुंगांमधून, उभा चढ चढून त्याला सुरक्षित स्थळी पोहोचविले. मग तो परत गेला व दुसऱ्यालाही घेऊन आला. आता तो स्वतः सुरक्षित होता. तरीही तो तिसऱ्यांदा बांध ओलांडून गेला, कारण शत्रूच्या मशिनगनांनी मराठ्यांची वाट रोखली होती. एक मोर्चा त्याने बंदुकीने बंद पाडला. हाताला गोळी लागताच बंदूक टाकून त्याने हातबाँब घेतले व आणखी दोन मोर्चे उद्ध्वस्त केले. मग बांधाच्या माथ्यावर उघडा उभा राहून रणगर्जना करीत त्याने सोबत्यांना पुढे बोलाविले. दोन्ही तीर हाती आले.

त्या वेळी नामदेव तेवीस वर्षांचा होता. १९८४ साली हा वीर निवर्तला.

ल्यूकस आणि नामदेव यांचे देश निराळे, काळ निराळे. परंतु दोघांनीही संकटसमयी प्रथम पाहिले ते सोबत्यांच्या प्राणांकडे. काशाच्या त्या तुकड्याचे मोल यातच आहे.

शब्दार्थ : कासे – तांबे व कथील यांचा मिश्रधातू. निरोप्या – निरोप पोहोचविणारा. निवर्तणे – मरण पावणे.

स्वाध्याय
१. नामदेव तिसऱ्यांदा बांध ओलांडून का गेला?
२. ल्यूकस व नामदेव यांच्या कृत्यांतील साम्य सांगा.
३. 'पदकाचे मोल त्याच्या धातूत नसते', यावर पाच वाक्ये लिहा.