गाण्याचे परीक्षण कसे लिहावे? 'खूप छान आहे'च्या पुढे जाऊ या!



'आवडत्या गाण्याचे परीक्षण लिहा' असा उपक्रम दिला की वहीत काय येते, हे तुम्हाला माहीतच आहे. 'हे गाणे खूप छान आहे. संगीत मधुर आहे. मला ते फार आवडते.' सगळ्या वह्यांत तीच तीन वाक्ये! उरलेला मजकूर मोबाईलवरून उतरवलेला.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने मात्र लिहिलं होतं, 'हे गाणं सगळ्यांना आवडतं, पण वाद्यांच्या आवाजात मला शब्दच कळत नाहीत.' मी त्याखाली लाल रेघ मारली आणि 'चांगले मुद्दे लिही' असा शेरा दिला. पुढच्या वेळी तिनेही 'खूप छान आहे' लिहिलं. तेव्हा माझी चूक मला कळली. अख्ख्या वर्गात तिनेच गाणं कान देऊन ऐकलं होतं!

परीक्षण म्हणजे स्तुती नव्हे. काय ऐकले, कसे वाटले आणि का वाटले, हे सांगणे म्हणजे परीक्षण. उदाहरणासाठी मुलांच्या ओळखीचीच गाणी घेऊ. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटातील 'याड लागलं' आणि 'झिंगाट'. दोन्हींचे संगीत अजय-अतुल यांचे.

१. तीनदा ऐका : पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त वाद्यांकडे लक्ष द्यायचं. तिसऱ्यांदा शब्दांकडे. व्हिडिओ दाखवू नका, नाहीतर मुलं गाण्याऐवजी चित्रपटाबद्दल लिहितात.

२. माहिती दोनच ओळींत : गाणे, चित्रपट, वर्ष, संगीतकार, गायक. 'याड लागलं' अजय गोगावले यांनी गायले आहे. बस, एवढे पुरे!

३. कान कुठे द्यायचा?
- लय : संथ की जलद? पाय आपोआप ठेका धरतात का?
- वाद्ये : कोणती ओळखू आली? कधी वाढली, कधी थांबली?
- आवाज : गायक कुठे हळुवार होतो, कुठे आवाज चढवतो?
- शब्द : प्रमाण भाषा की बोली? 'वेड' न म्हणता 'याड' म्हटल्याने काय बदलले?

४. प्रत्येक मताला 'का?' विचारा : 'छान वाटलं' म्हटलं की विचारा, 'नेमकं कुठे?' मूल गाणं पुन्हा लावून ती जागा दाखवतं. तीच जागा परीक्षणात लिहायची.

५. न आवडलेलेही लिहू द्या : मात्र 'बकवास' हे परीक्षण नव्हे. दोष गाण्यातला सांगायचा, तोही कारण देऊन. गायकाच्या दिसण्यावर, राहणीवर बोलायचे नाही.

नमुना परिच्छेद :
'याड लागलं'मध्ये शब्द गावाकडचे आहेत, पण मागे व्हायोलिनचा मोठा ताफा वाजतो. या गाण्यांसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत झाले होते. साध्या मुलाच्या मनातली गोष्ट या वाद्यांमुळे खूप मोठी वाटते. 'झिंगाट' ऐकताना मात्र मला एका जागी बसवत नाही. वरातीत ते मस्त वाटतं, पण घरी एकट्याने ऐकताना मला त्याचा आवाज जास्त वाटतो.

पाहा, यात आवड आहे, नावड आहे आणि दोन्हींना कारण आहे.

गुणदान (१० गुण) : माहिती २, निरीक्षण ४, कारणे ३, भाषा १. मत तुमच्या मताशी जुळते की नाही, याला गुण नाहीत!

पालकांनो, घरी किंवा प्रवासात गाणं लागलं की एवढंच विचारा, 'यात तुला काय ऐकू आलं?' उत्तर तुमच्या आवडत्या गाण्याच्या विरोधात गेलं तरी रागावू नका.

त्या मुलीची वही मी परत मागून घेतली. लाल शेरा खोडला आणि शेजारी लिहिलं, 'तुझं बरोबर होतं. मीही पुन्हा ऐकलं.'