‘द फ्लाय’ आणि आजाराची भीती

डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचा ‘द फ्लाय’ हा चित्रपट १९८६ साली आला. प्रयोगाच्या यंत्रात माशी शिरते आणि शास्त्रज्ञाचे शरीर हळूहळू झडू लागते. त्या काळी एड्सची धास्ती होती. अनेकांनी हे एड्सचेच रूपक मानले. दिग्दर्शकाच्या मनात मात्र वार्धक्य व एकूणच आजारपण होते. मला हेच पटते, कारण इथे संसर्ग नाही, अपघात आहे.

एक प्रसंग मात्र दोन्ही अर्थांना लागू पडतो. त्याचा कान गळून पडतो, तरी प्रेयसी त्याला मिठी मारते. वाचकहो, एचआयव्ही मिठी मारल्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी व औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेतल्यास रुग्ण दीर्घकाळ चांगला जगतो. घरातल्या रुग्णाचे ताट वेगळे करू नका.